पंधरा दिवस आधीची जिवती

जबलपुरात श्रावण दोनदा लागतो. आधी हिंदी लोकांचा, भिंतीवरच्या कॅलेंडरात ‘सावन’ लिहिलेला असतो तो. मग पंधरा दिवसांनी, अमावास्या उलटली की आमचा. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला, एवढीच गोष्ट. पण ही एवढीशी गोष्ट आम्हा इथल्या मराठी बायकांना जन्मभर पुरते. माझ्या सासूबाई तर दूधवाल्यालाही ऐकवायच्या, ‘भैया, अभी हमारा आषाढ चल रहा है.’ तो म्हणायचा, ‘माताजी, दूध तो वही है.’

मी लग्न होऊन चेरीतालात आले त्याला आता पन्नास वर्षं होत आली. हे फॅक्टरीत होते, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. आता गुडघे गेले आहेत, पेपर वाचत बसतात. एकच मुलगा, रेल्वेच्या ऑफिसात. सून जवळच्या शहपुऱ्याची, हिंदी शेतीवाल्या घरची. मराठी तिला सगळी समजते, बोलायला मात्र लाजते. नात आठ वर्षांची आहे, तिला मराठीत विचारा, हिंदीत उत्तर येईल. आम्ही घरात एवढेच पाच जण.

आणि जिवती म्हणजे आमच्याकडची लेकरांना राखणारी देवी. श्रावणातल्या शुक्रवारी तिचा छापील कागद देवापाशी लावायचा, दूर्वा-आघाड्याची माळ घालायची, पुरणाचा नैवेद्य दाखवायचा, अन् पुरणाचेच दिवे करून लेकरांना ओवाळायचं. लेकरू गावाला असेल तर त्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकायच्या. कुठेही असो, त्याला पोचतात. माझा मुलगा इटारसीला नोकरीवर होता तेव्हा सहा वर्षं मी अशाच अक्षता टाकल्या. त्याचे केस पिकायला लागले तरी टाकत होते. जिवती काही वय विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातलं सांगते. मुलाला आधी चार दिवस जुलाब झाले, ते थांबले. मग एका सोमवारी ऑफिसातून आला अन् म्हणाला, ‘आई, पायाला मुंग्या येऊन राहिल्या.’ मी म्हटलं, नवे बूट घेतले ना, चावत असतील. मंगळवारी मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या. बुधवारी सकाळी तो जेवायला पाटावर बसला तो त्याला उठताच येईना. सुनेनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, पाय नुसते पोत्यासारखे. तो आमच्याकडे बघून हसला, म्हणजे आम्ही घाबरू नये म्हणून हसला, अन् तेच मला फार भीतीचं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. लहानशी पोर होती, पण बोलणं स्वच्छ. म्हणाली, शरीर कधीकधी स्वतःच्याच नसांवर उलटतं, तसा हा आजार आहे. खालून वर चढतो. पायात आहे तोवर चिंता नाही, आम्ही इंजेक्शन आजच सुरू करतो, पाच दिवसांची आहेत. पण छातीपर्यंत चढला तर श्वास घेता येणार नाही, मग मशीनवर ठेवावं लागेल. पुष्कळ लोक बरे होतात, माताजी. पण वेळ लागतो.

आत एकच माणूस थांबू देत होते. सून म्हणाली, ‘मैं रुकती हूँ, मम्मीजी.’ मी म्हटलं, ‘तुझं लेकरू लहान आहे, तू घरी राहा. माझं मोठं आहे, त्याच्याजवळ मी राहते. ज्याचं त्यानं सांभाळावं.’ ती गेली. जाताना तिनं त्याच्या पावलांवर चादर घातली, दोनदा.

त्या डॉक्टरीणबाईंचं एक तंत्र होतं. दिवसातून तीनदा येऊन त्याला सांगायची, ‘लंबी साँस लीजिए, और एक ही साँस में गिनती गिनिए.’ जितका आकडा मोठा, तितकी छाती धडधाकट. पंधराच्या खाली आला तर मशीन. मुलगा शाळेपासून हिंदीतच मोजतो. बुधवारी तो चौंतीसपर्यंत गेला. गुरुवारी छब्बीस. शुक्रवारी सकाळी उन्नीसला दम संपला. मी त्याच्या उशाशी उभी, माझेही ओठ हलत होते त्याच्याबरोबर. मी मात्र मराठीत मोजत होते, आणि माझा आकडा त्याच्या पुढे जाऊन राहिला होता.

त्याच दुपारी सुनेचा फोन आला.

‘मम्मीजी, जिवती माता की पूजा हो गई.’

‘कोणती पूजा?’

‘जिवती की. आज सावन का पहला शुक्रवार है ना. आप वहाँ थीं, तो आपकी तरफ से मैंने कर दी.’

‘अगं, आपला आषाढ आहे अजून. पुरण कोणी केलं?’

‘पुरण मुझसे नहीं बनता. आटे के दीये बना लिए.’

‘आणि कागद? कागद तर नागपूरहून यायचाच आहे.’

‘बिटिया ने कॉपी के पन्ने पर बना दिया. उसको पिछले साल का याद था.’

आता खरं सांगते, लपवून काय करायचं. सकाळचा उन्नीस आकडा माझ्या डोक्यात घुमत होता. वाटलं, चुकीच्या महिन्यात, चुकीचे दिवे, वहीच्या पानावरची देवी. अशा वेळी तरी सगळं नीट व्हायला नको का? मी तिला म्हटलं, ‘काहून केलं मला न विचारता? तुमच्याकडच्या पूजा तुम्ही तुमच्या पद्धतीनं करा, आमच्या देवाला हात लावू नका.’

‘जी, मम्मीजी,’ ती म्हणाली अन् फोन ठेवला.

संध्याकाळी मुलानं मोजलं. सोलह.

खिडकीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर मी बसले. स्तोत्रं मला पाठ आहेत, सासूबाईंनी करून घेतलेली. त्यातलं एकही तोंडाला येईना. दर वेळी ते वाक्य आडवं येई, आमच्या देवाला हात लावू नका. मी देवाला म्हटलं, अरे, मी जे बोलले ते माझ्यावर धर, त्याच्यावर नको. तिनं काय केलं ते तूच बघितलं असशील, मला तर इथून दिसलंही नाही. बस, एवढीच त्या दिवशीची माझी प्रार्थना.

शनिवारी सकाळी तो सोलहला थांबला. दुपारी सोलह. डॉक्टरीणबाई नुसतं कागदावर लिहून गेली. संध्याकाळी परत सोलह. मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. ती म्हणाली, ‘माताजी, रुक गया लगता है. कल देखते हैं.’

रविवारी तो सोलहवर आला, डोळे मिटले, अन् मग सत्रह म्हणाला, अठारह म्हणाला, उन्नीस म्हणाला. बीस अर्धा म्हणाला. माझी मराठी मोजणी मध्येच कुठे तरी थांबली होती.

घरी फोन केला. माफी मागायची असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं फक्त, ‘उन्नीस.’ पलीकडे ती रडायला लागली. मग दोघी रडलो. फोनवर रडण्यात काही अर्थ नसतो, कोणी कोणाचे डोळे पुसू शकत नाही, पण रडलो.

डॉक्टर म्हणतील इंजेक्शननं केलं, अन् ते खरंच आहे, त्या पोरीला मी रोज आशीर्वाद देते. पण त्या पोरीला त्या दिवशी तिथं कोणी उभं केलं, हेही मी विचारते. बुटांमुळे मुंग्या येतात असं समजून आणखी दोन दिवस घालवले असते तर? राखलं देवानं. माझ्याजवळ याहून मोठा शब्द नाही.

चार आठवड्यांनी मुलगा घरी आला. तो आमच्या श्रावणातला तिसरा शुक्रवार होता. दोघा जणांनी उचलून त्याला खुर्चीत ठेवलं, मान सरळ, हात थोडे हलत होते, पाय अजून नाहीत. देवघरात बघते तर वहीचं पान तसंच चिकटवलेलं. जिवतीच्या कागदावर खाली बुध-बृहस्पतीही असतात, एक हत्तीवर, एक वाघावर. हत्ती बरा जमला होता. वाघ शेजारच्या मांजरासारखा होता, मिशा तेवढ्या मोठ्या. जिवतीच्या मांडीवरच्या बाळाला नातीनं चष्मा काढला होता. आमच्या मुलाला चष्मा आहे. मी ते पान काढलं नाही, नागपूरचा कागद त्याच्या शेजारी लावला.

सून पुरण परतत होती. तिच्या आईकडे कधी झालं नाही, पण मी दवाखान्यात असताना फोनवर बघून शिकली म्हणे. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, ‘त्या दिवशी तू मला एका शब्दानं विचारायचं होतं गं.’

बाहेरच्या खोलीतून पेपरच्या मागून यांचा आवाज आला, ‘मला विचारलं होतं तिनं.’

‘काय?’

‘की बाबूजी, आज जिवती करायची का. कॅलेंडरात सावन लिहिलं होतं, शुक्रवार होता. मी म्हटलं, हो, कर.’

पन्नास वर्षं माझ्या घरात श्रावण खाल्लेला माणूस हा.

‘आणि चार आठवडे तोंड शिवून बसले तुम्ही?’

‘तू विचारलं कुठे?’

मी सुनेकडे वळले. ‘तू तरी सांगायचं होतं. माझं बोलणं काहून ऐकून घेतलं?’

‘आप पहले ही परेशान थीं,’ ती कढईतून नजर न काढता म्हणाली. ‘घर में दो लोगों को डाँट पड़ती, उससे क्या होता.’

मला हसूही आलं अन् शरमही वाटली. विचारलं, ‘अक्षता टाकल्या होत्या का चारी दिशांना?’

‘चारी दिशाओं में क्यों, मम्मीजी? हमें तो पता था वो किधर हैं. बाबूजी से पूछ लिया अस्पताल किस तरफ पड़ता है, पूरी मुट्ठी उसी तरफ डाल दी.’

मी पन्नास वर्षं जिवती केली, मला हे कधी सुचलं नाही. म्हटलं, ‘मी तुला त्या दिवशी जे बोलले ते फार चुकलं बाई.’

‘मम्मीजी, थोड़ा हटिए,’ ती म्हणाली, ‘पुरण लग जाएगा.’

मग पुरणाचे दिवे झाले. तिनं तिच्या लेकीला ओवाळलं, मी माझ्या लेकाला. नात म्हणाली, ‘पापा, मुँह खोलो,’ अन् नैवेद्याचं पुरण तिनंच त्याला भरवलं, थोडं नाकाला लागलं.

पुढचं सगळं हळूहळू झालं. हिवाळाभर एक मास्तर व्यायाम शिकवायला यायचे. सुनेनं खोलीभर दोरी बांधली, तिला धरून तो चालायचा, आधी पलंगापासून दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत. ओट्यापर्यंत आला की ती त्याच्या हातात मटारच्या शेंगा द्यायची, सोल म्हणून. बोटांचा व्यायामही होतो, भाजीही होते. संक्रांतीला तो गल्लीत उतरला. होळीनंतर ऑफिसात गेला. डावं पाऊल अजून थोडं घासतं. जिन्यावरून येताना आवाज येतो, त्या आवाजावरून मी चहा ठेवते.

आता आमच्या घरी श्रावण दीड महिन्याचा असतो. सावन लागला की सून करते, कणकेच्या दिव्यांनी. आमचा लागला की मी करते, पुरणाच्या. कॉलनीतल्या मराठी बायका म्हणतात, असं कुठे असतं का? मी म्हणते, ज्यानं आषाढात ऐकलं त्याचे आभार नेमके कोणत्या शुक्रवारी मानायचे ते तुम्हीच सांगा. दोन्हीकडे मानलेले बरे.

यंदा तो मला नर्मदेवर, ग्वारीघाटावर घेऊन गेला. रविवार होता, पाणी चढलेलं, गर्दी फार नव्हती. मी वरच्या पायरीवर बसले. तो कठड्याला हात न लावता खाली गेला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला, लोटा भरला, वळला अन् परत वर यायला लागला. मी ठरवून गेले होते की आज तिथं बसून सगळी स्तोत्रं म्हणायची, एकही गाळायचं नाही. पण डोळ्यांपुढे तो पायऱ्या चढून राहिला होता, अन् मी आपली देवाला सांगत होते: हे बघ, त्यानं आता उजवा टाकला. आता डावा. ओली पायरी आहे पण घसरला नाही. जेवतो व्यवस्थित. परवा लेकीला खांद्यावर घेतलं होतं, मी ओरडले तरी उतरवली नाही. तुझं बरं चाललं आहे असं दिसतं, आमचंही बरं आहे.

तो येऊन शेजारी बसला. दम लागला होता, पण साधाच, चढण्याचा.

‘आई, काय पुटपुटून राहिली?’

‘देवाला सांगून राहिली.’

‘काय?’

‘तुझंच सगळं.’

‘त्याला माहीत नाही का?’

‘त्याला माहीत आहे. पण आपणही सांगावं.’

त्यानं लोटा आमच्या मधे ठेवला अन् म्हणाला, ‘मग माझ्याकडूनही सांग.’

मी परत पहिल्यापासून सुरू केलं.