पायांनी ऐकणाऱ्या बाई

बाई चप्पल म्हणून घालत नसत. तलासरीच्या बाजारातसुद्धा अनवाणी. तापात दोन्ही कान गेले, तेव्हापासून त्यांना माणसांचं बोलणं ओठांवरून कळायचं आणि बाकीचं जग तळपायांवरून. मी मागून कितीही दबकत गेले तरी न वळता म्हणायच्या, "ये गं. आणि पाय घासत चालू नकोस."

शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई आमच्या शेजारी एकट्याच राहायच्या. घरातलं एक जाळं झाडू द्यायच्या नाहीत. "कोळ्याला कान नसतात. पायांवरचे केस आणि सांध्यांजवळच्या बारीक चिरा, त्यांनी ऐकतो तो. विंचवाच्या तर पोटाखाली कंगवे असतात. जमीन चाचपत जातो बिचारा." बिचारा म्हणे! मला विंचू दिसला की घाम फुटायचा.

मग आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. भाजी चिरता चिरता बाई थांबायच्या, डावा तळपाय जमिनीला घट्ट टेकवायच्या आणि म्हणायच्या, "आला." त्यानंतर भांडी वाजायची. आधी नव्हे, नंतर! "बाईंना खालून कोनीतरी सांगतं," माझी काकू कुजबुजायची आणि पोरांना जवळ ओढायची. पण बाई अंगणात आल्या रे आल्या, की तीच सगळ्यांच्या आधी बाहेर पळायची.

चप्पल घाला म्हणून मी कानीकपाळी ओरडले. ऐकतील तर बाई कसल्या! साखरेच्या आजारात डाव्या पायाला झालेली जखम चिघळली. डहाणूच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढायचं ठरवलं. बाई रडल्या नाहीत, चिडल्या. "अगं, हा कान आहे माझा! उजवा केव्हाचाच बधिर झालाय. आता मला कळणार कसं?"

घरी आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. धक्का बसला की आम्ही त्यांना उचलून बाहेर न्यायचो आणि त्या विचारायच्या, "आला होता का?"

एका दुपारी मी पेज भरवत होते. बाईंनी माझं मनगट धरलं. "उचल मला. बाहेर."

"काही नाहीये, बाई."

"उचल म्हणते ना!"

आम्ही अंगणात पोचलो आणि मागे त्यांच्या खाटेवर भिंत कोसळली. धूळ बसल्यावर मी त्यांच्यासमोर बसून विचारलं, "कशानं कळलं?"

बाईंनी पातळ वर केलं. गुडघ्याखाली काहीच नव्हतं. त्या मोकळ्या जागेत, दुखरा पाय चेपावा तसा, त्या हात फिरवत होत्या.

"गप्प बस जरा," त्या म्हणाल्या. "अजून येतोय."