वडिलांची अळणी कोंबडी

वडिलांची मूत्रपिंडं बिघडली, पाय सुजले, तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी मीठ, सुकट, मटण सगळंच बंद केलं. सात-आठ महिन्यांनी सूज उतरली. त्या दिवशी तपासणी करून ते गावी, पोशीरला परतले ते अंगणातूनच ओरडत, "अगं, कोंबडी खा म्हणाले डॉक्टर! दोन तुकडे, पण मीठ नाय!"

आई आणि मी धावतच चुलीपाशी गेलो. लसूण-मिरची वाटून त्यांचं कालवण वेगळ्या मडक्यात शिजवलं. पहिला घास घेऊन ते थांबले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी हाय गं," ते म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले. ते दोन तुकडे त्यांनी अर्धा तास चघळले. पुढे प्रत्येक सणाला आई त्यांचे दोन तुकडे आधी वेगळे शिजवायची.