फक्कीची गाडी

न्यूझीलंडला घालायला थंडीचे कपडे घेऊन आम्ही तिघं घरी येत होतो, त्या संध्याकाळी वारज्याच्या पुलाखाली मी एका माणसाचं मनगट मोडलं.

तो मोटारसायकलवर होता. माझ्याच वयाचा, म्हणजे पन्नाशीला आलेला. मागच्या सीटवर टेबलफॅनचं खोकं दोरीनं बांधलेलं. त्या खोक्याचा कोपरा माझ्या गाडीच्या आरशाला लागला आणि आरसा मिटला. एवढंच झालं. फुटला नाही, ओरखडासुद्धा आला नाही. मी काच खाली करून त्याच्या घराण्याचा उद्धार केला. त्यानं मोटारसायकल आडवी घातली, उतरला आणि माझ्या बॉनेटवर दणका दिला. "आरशाला लागलं तर काय जीव घेतो का रं? मोठी गाडी हाय म्हून?"

माझ्या सीटखाली एक स्टम्प असायचा. मुलगी आठ वर्षांची असताना तिला क्रिकेटचा सेट आणला होता, त्यातला. बाकीचे दोन कुठे गेले माहीत नाही, हा मी ठेवून घेतला. पुण्यात गाडी चालवायची तर हाताशी काहीतरी हवंच, असं मी मित्रांना सांगायचो आणि सगळे हसायचे. तो घेऊन मी उतरलो. त्यानं तोंड वाचवायला हात वर केला, त्या हातावर मी मारलं. आवाज बसका आला. तो मनगट धरून खाली बसला आणि मी आणखी एकदा मारलं. दुसऱ्या फटक्याची काही गरज नव्हती.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वारजे ते वाघोली मी रोज जातो-येतो, जायला दीड तास आणि यायला दोन. वाघोलीच्या कॉलेजात मी मुलांना मेकॅनिक्स शिकवतो. बल, दिशा, आघात. दिवसभर शांतपणे फळ्यावर बाण काढायचे आणि संध्याकाळी स्वारगेटला कुणीतरी चुकीच्या बाजूनं अंगावर येणार. वर्षानुवर्षं पोटात साठलेलं त्या दोन फटक्यांत मोकळं झालं. ते सुख मला फार तर अर्धा मिनिट मिळालं असेल.

मग शेजारच्या टायरवाल्याच्या दुकानातून दोघं धावत आले. एकानं कानाखाली वाजवली, दुसऱ्यानं तोंडावर ठोसा दिला आणि माझा खालचा एक दात रस्त्यावर पडला. बायको मध्ये पडायला उतरली, तर तिला कुणाचं तरी कोपर छातीत बसलं. चौकीवर हवालदार माझं ओळखपत्र उलटसुलट करून म्हणाला, "सर, तुम्ही शिकवता होय? छान." मिटवून घ्या, असं त्यानंच सांगितलं. आम्ही मिटवलं. दवाखान्यातून आल्यावर त्या माणसानं प्लॅस्टर घातलेल्या हाताच्या अंगठ्यानंच कागदावर ठसा दिला.

मुलगी या सगळ्या वेळात गाडीत मागे बसून होती. तिच्या कानात इअरफोन होते, तेव्हा तिनं काही पाहिलं नसेल, असं मी गृहीत धरलं.

मुलीला बंगळुरूला नोकरी लागली होती. मार्च संपला की ती जाणार, आणि मग आम्ही तिघं एका छपराखाली कधी राहू, याचा भरवसा नव्हता. म्हणून हा बेत. कॅम्परव्हॅन, म्हणजे जिच्यात पलंग, शेगडी, बेसिन सगळं असतं अशी गाडी. ती न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर चौदा दिवस चालवायची. बायको बँकेत आहे, तिनं प्रत्येक दिवसाचा तक्ता केला. किती किलोमीटर, कुठे झोपायचं, वापरलेलं पाणी कुठे ओतायचं. मेतकूट आणि भाजणी विमानतळावर जाहीर करावी लागते, हेही तिनं शोधून काढलं. मुलगी बुकिंग बघत होती. आणि गाडी मी चालवणार होतो, कारण आमच्या घरात गाडी मीच चालवतो.

गाडी देणाऱ्यांचा एक फॉर्म होता. चालवणाऱ्यांची नावं लिहा, त्यांच्यावर गेल्या काही वर्षांत वाहनासंबंधी गुन्हा आहे का ते लिहा. माझ्या ओठाला अजून टाके होते. मी 'नाही' वर खूण केली. गुन्हा नोंदलाच नव्हता, मिटवला होता. बायकोनं विचारलं, "दुसरं नाव माझं घालू का? लायसन्स आहे माझ्याकडे." मी म्हणालो, "लायसन्स तर आपल्या वॉचमनकडेपण आहे." ती डाव्या हाताची करंगळी चोळत राहिली. तिची ती करंगळी वाकडी आहे. गाडीच्या दारात सापडली होती, असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

तालमीची कल्पना माझीच. एवढ्याशा जागेत तीन माणसं चौदा दिवस राहणार, तर आधी करून बघायला नको? मी इंजिनिअर माणूस, अंदाजावर काही सोडत नाही. सोसायटीच्या क्रीडामहोत्सवातून उरलेली फक्की, ती मैदानावर रेघा मारायची पांढरी भुकटी, मी मागून आणली आणि एका रविवारी सकाळी गच्चीवर मोजून गाडी आखली. तेवीस फूट लांब, सात फूट रुंद. पलंग इथे, बेसिन इथे, शेगडी इथे. पुढे दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उजवीकडची माझी, डावीकडची बायकोची. मागे एक मुलीची. दुपारी बारापर्यंत रेघ कुणी ओलांडायची नाही, असा नियम केला. सेक्रेटरी वर टाकी बघायला आले, त्यांनी विचारलं, "बॅडमिंटन का?" मी म्हणालो, "नाही, न्यूझीलंड." ते मान हलवून खाली गेले.

पहिला तास मजेत गेला. बायकोनं छोट्या शेगडीवर चहाचं पातेलं चढवलं. ती वळली की मुलीला पलंगाच्या चौकोनात पाय जवळ घ्यावे लागत, आणि दोघी हसत. मला फार बरं वाटत होतं. वारज्याचं प्रकरण मागे पडलं, असं वाटत होतं.

"चला, तिसरा दिवस," मी म्हणालो. खुर्चीत बसलो आणि हातात स्टीयरिंग म्हणून स्टीलचं ताट घेतलं. बायको शेजारी येऊन बसली, मुलगी मागे. बायकोनं तक्ता वाचायला सुरुवात केली, डोंगरातला घाटरस्ता, एकशे नव्वद किलोमीटर. मी ताट वळवत होतो, तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होतो. बायको हसत होती. आणि मला आणखी हसवायची हुक्की आली. मी पाय आपटून ब्रेक मारला आणि ओरडलो, "ए हरामखोरा! दिसत नाही का रे?"

ओरडून मी हसतच त्यांच्याकडे वळलो.

बायकोनं दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या होत्या आणि डोळे गच्च मिटले होते. मुलगी खुर्चीत दुमडली होती. डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात डोक्यावर. बावीस वर्षांची मुलगी. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, उन्हात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. तिथे ना गाडी होती, ना समोर कुणी माणूस.

"काय गं, नाटकं करतेस का?" मी म्हणालो.

तिनं डोकं वर काढलं. तिलाच लाज वाटल्यासारखं दिसलं. "नाटक तुम्ही करत होतात ना बाबा," ती म्हणाली. "मला कळलं नाही."

"वारज्याला तर कानात गाणी घालून बसली होतीस."

"इअरफोन मी नुसते घालते. गाणं लावलेलं नसतं. तुम्ही उतरलात की मी आकडे मोजते, परत येईपर्यंत. शाळेत होते तेव्हापासून. बहुतेक वेळा चाळीस-पन्नासपर्यंत येता. वारज्याला दोनशे होऊन गेले." मग ती आईकडे न बघता म्हणाली, "दुसऱ्यांदा मारलंत तेव्हा तो खाली बसलेला होता. आणि तो माझा स्टम्प आहे."

यावर बापानं काय करायला हवं होतं, ते मला आज नीट सांगता येतं. तेव्हा मी उठलो आणि खुर्चीला लाथ घातली. खुर्ची शेगडीवर जाऊन आदळली, पातेलं उलटलं आणि उकळता चहा बायकोच्या पावलावर सांडला.

ती ओरडली नाही. भिंतीला पाठ लावावी तशी मुलीला पाठीशी घेऊन उभी राहिली. पाऊल लालभडक होत होतं. मी पुढे झालो तसा तिनं हात वर केला. मोटारसायकलवाल्यानं केला होता तसाच, तोंडासमोर. मी जागीच थांबलो.

"बाहेर व्हा," ती म्हणाली.

"अगं, पाय तर बघू दे."

"अहो, रेघेच्या बाहेर व्हा."

मी रेघ ओलांडून बाहेर गेलो. मुलीनं पाण्याचा कॅन उघडून आईच्या पायावर धार धरली. ती रेघ फुंकरीनं उडाली असती, पण आत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. 

त्या संध्याकाळी जेवताना बायकोनं दोन वाक्यांत निकाल दिला. "आम्ही दोघी जातोय. तुमचं तिकीट रद्द करा."

मी चिडलो, मग गयावया केली, मग पुन्हा चिडलो. गाडी कोण चालवणार, असं विचारलं. "मी," ती म्हणाली आणि टेबलावरची माझी किल्ली उचलली. मला ती घेणारा हात दिसला, वाकड्या करंगळीचा. चौदा वर्षांपूर्वी, तिचं लायसन्स हातात आल्यावर, मी तिला रहदारीत गाडी शिकवत होतो. सिंहगड रस्त्यावर सिग्नलला तिच्याकडून गाडी दोनदा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मी गिअरवरच्या तिच्या हातावर लोखंडी टॉर्च हाणला. दार वगैरे काही नव्हतं. तेव्हापासून ती कधी चालवायला बसली नाही. तिला आवडच नाही, असं मी लोकांना सांगत आलो.

पाऊल बरं झाल्यावर तिनं ड्रायव्हिंग क्लास लावला. मग रोज पहाटे मुलीला शेजारी बसवून आमची गाडी बाहेर काढायला लागली. मी गॅलरीतून बघायचो. फाटकाशी ती गाडी बंद पाडायची, पुन्हा चालू करायची. एकदा मागे दूधवाला हॉर्न वाजवत बसला, तिनं काच खाली करून त्याला हात केला, थांब जरा. तो थांबला. मी तेव्हा बसनं वाघोलीला जायला लागलो होतो. स्टम्प मी सोसायटीच्या कचऱ्यात टाकला आणि ते मुलीला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत." त्या दोन शब्दांवर मी कितीतरी दिवस काढले. कुणावर ओरडलो नाही, बसमध्ये पायावर पाय पडला तरी गप्प राहिलो. आपण बदललो, असं मला खरंच वाटायला लागलं. जाण्याच्या दिवशी त्यांच्या बॅगा मी फाटकापर्यंत नेल्या. विमानतळावर त्या टॅक्सीनं गेल्या.

तक्त्याची एक प्रत माझ्याकडे होती. सहाव्या दिवशी सकाळी आठला, म्हणजे त्यांच्या दुपारी, मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी गच्चीवर होतो. फक्कीची गाडी निम्मी पुसली गेली होती, तरी शेगडीचा चौकोन दिसत होता. मुलगी पुढच्या सीटवर बसून चिवडा खात होती, शेजारी आई. बायकोनं गॉगल लावला होता. तिचे दोन्ही हात स्टीयरिंगवर सैल होते. बाहेर पिवळे डोंगर सरकत होते. "बाबा, आई ऐंशीनं चालवतेय," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागून एक मोठा ट्रक लांब हॉर्न देत त्यांच्या शेजारी आला. बायको शांतपणे म्हणाली, "जाऊ दे त्याला," आणि वेग कमी केला. ट्रक त्यांना ओलांडून अगदी त्यांच्या पुढ्यात घुसला. मुलगी चिवडा खातच होती. तिनं ट्रककडे बघितलंसुद्धा नाही.

"अरे ए भडव्या!" मी फोनवर ओरडलो.

मुलीचं डोकं खाली गेलं. हात डोक्यावर गेले, फोन सुटला आणि मला गाडीचं पांढरं छत दिसायला लागलं. चिवडा सांडल्याचा आवाज आला.

"काय झालं गं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही, आई," मुलगी म्हणाली. "बाबा होते."

आणि तिनं फोन बंद केला.