दमयंतीमावशींचे चारशे बारा नंबर

दमयंतीमावशी उरणजवळच्या करंज्याच्या. पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकतात. आजूबाजूच्या बायका हाका मारतात, मावशी गप्प बसतात. ज्यानं सांगून ठेवलंय त्यालाच, माल आला की, फोन करतात. त्यांच्या फोनमध्ये आडनावं नाहीत. 'बँकवाले जवळा', 'रमावहिनी सोडे' अशी, जो जी मासळी घेतो तिच्या नावानं, माणसं आहेत.

मी त्यांच्या शेजारचा, मराठीत एम.ए. आहे. नोकरी नाही. म्हणून व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकलो आणि मावशींना एक बनवून दिली. महिन्याभरात ती नऊ वेळा उघडली गेली. त्यातल्या सहा वेळा मीच उघडली.

"मावशी, लोकांना सांगायला हवं. फोन द्या जरा."

"ज्यांना पायजे त्यांना मी सांगतेच की."

"सगळ्यांना सांगू."

शिकलेल्या माणसावर मावशींचा विश्वास होता. त्यांनी फोन दिला.

नंबर चारशे बारा निघाले. मी सगळ्यांना मेसेज टाकला: 'समुद्राच्या आठवणी उन्हात वाळल्या, की त्यांचे बोंबील होतात.' वर फोटो, खाली वेबसाइट. कुणाचं उत्तर येईना, म्हणून तासाभरानं पुन्हा टाकला.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. घरोघरी घट मांडलेला, बायका उपाशी, आणि फोनवर माझे बोंबील. दोनदा. त्या चारशे बारांत मावशींच्या लेकीची सासू होती, दातांचे डॉक्टर होते, कांदासुद्धा न खाणारे किराणावाले होते. डॉक्टरांनी विचारलं, 'आपण कोण?' मला ती वाचकाची उत्सुकता वाटली.

शनिवारी सोडे आले. मावशी फोन करायला बसल्या. रमावहिनींचा लागेना. बँकवाल्यांचा लागेना. माझ्या फोनवरून लावला, तर लगेच रिंग गेली. तेव्हा उलगडा झाला. तेवीस घरांनी मावशींचा नंबर ब्लॉक केला होता.

मावशी ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पंधरा वर्सं लागली रं ही मानसं जोडायला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ऊठ. ती पिशवी घे."

रमावहिनींनी दार अर्धंच उघडलं.

"अगंबाई, दमयंती! मला वाटलं तुझा फोन चोरीला गेला."

"चोरीला नाय गेला वहिनी. मीच दिला. ह्याला."

वहिनींनी मला पाहिलं. "ते आठवणींचं वाक्य तुम्ही लिहिलंत?"

"हो," मी म्हणालो. जरा अभिमानानंच.

"मग ब्लॉक केलं त्यात माझं काय चुकलं?"

मावशी हसल्या नाहीत. "वहिनी, सोडे आले की सांगू ना तुमाला? का नको?"

वहिनी विचारात पडल्या. "सोडे आले की सांग. दुसरं काही नको. आणि गुरुवारी नको."

त्यांनी आमच्यासमोर नंबर मोकळा केला. मी जिन्यातच पुढचा पत्ता विचारला. अजून बावीस घरं होती. अठरांनी हो म्हटलं. चौघांनी दार उघडलं, पण नंबर नाही.

आता मी सकाळी मावशींच्या शेजारी बसतो. वेबसाइटचा पत्ता पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय. गिऱ्हाइकानं विचारलं तरच बोलायचं, अशी आज्ञा आहे. काल एकानं जवळा घेतला आणि पुठ्ठा वाचला. मी धीर करून विचारलं, "काका, माल आला की मेसेज करू?"

"कशाला? मी येतोच की."

मी मान खाली घातली. मावशींनी त्यांच्या पिशवीत मूठभर जवळा जास्त टाकला.