आमच्या बसमधली मोबाइलवाली मतं

चाकणच्या रस्त्याला रोज जी गाडी अडकते ना, तिच्यात बसून माणूस दोनच गोष्टी करू शकतो. एक तर म्हातारा होऊ शकतो, नाहीतर किस्से गोळा करू शकतो. मी दोन्ही करते! आमची कंपनीची बस रहाटणीहून सुटते, संत तुकाराम नगर, मोशी करत कुरुळीच्या पुढे येते आणि जी थांबते ती थांबतेच. पूर्वी या वेळात बायका मटार सोलायच्या, पोरं गाण्याच्या भेंड्या लावायची, कुणी मस्त घोरायचं. आता अख्खी बस मोबाइलमध्ये मान घालून बसते, शोकसभेला बसल्यासारखी. आणि एखादी मान वर आली की समजायचं, पोराला नवीन मत फुटलंय!

मी सुनंदा. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची आमची कंपनी, तिथं मी लाइन लीडर आहे. बसमध्ये सगळी पंचविशीची पोरं-पोरी, मी एकटीच पन्नाशीची, म्हणून सगळ्यांची मावशी.

नुसते किस्से असते तर हसून सोडून दिले असते. पण माझा जीव अडकलाय तो एका लग्नात. शीतल माझ्याच लाइनवरची मुलगी, मोशीच्या नामदेवअण्णांची लेक. त्यांच्याच दोन खोल्यांत मी गेली कित्येक वर्षं भाड्यानं राहते. आणि प्रतीक आमच्या लातूरकडचा, डिस्पॅचला कंत्राटावर आहे, राहतो संत तुकाराम नगरात. दोघांना एकमेकं आवडली होती, बोलायची हिंमत नव्हती. मी मध्ये पडले. साखरपुडा झाला, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त निघाला, कार्यालय ठरलं. पत्रिका तेवढ्या छापायच्या राहिल्या. आणि तेवढ्यात मोबाइलवरचं हे मेलं व्हिडिओवालं ॲप कडमडलं! लग्न मोडलं तर दोन लेकरांचं वाटोळं, आणि अण्णांच्या घरात मी कुठल्या तोंडानं राहू?

*

पण आधी सागरचं सांगते, म्हणजे आमच्या बसची पातळी कळेल.

सागर म्हणजे बसमधला राजकीय विश्लेषक. वर्षभर एका उमेदवाराच्या नावानं त्यानं आमचे कान किटवले. मतदानाला कंपनीनं भरपगारी सुट्टी दिली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सागर खिडकीला डोकं टेकून बसलेला. त्याचा माणूस पडला होता.

मी म्हटलं, "असू दे रे. तू तुझं मत दिलंस ना, झालं."

"गेलोच नाय मावशी."

"अरे! वर्षभर बोंबलत होतास की!"

"ॲपवर पोल होता ना राव. आपला माणूस पार पुढं होता. म्हटलं, आता माझ्या एका मतानं काय फरक पडतोय? झोपलो."

"म्हणजे ॲपनं फसवलं की रे तुला!"

"ॲपनं नाय मावशी," तो कळवळून म्हणाला, "लोकांनी फसवलं!"

आणि त्याच दुपारी त्यानं ॲपवर लिहिलं, 'या जनतेला अक्कल नाही.' त्याला लाइकचे किती बदाम आले तेही मला आणून दाखवलं.

*

आता आमचे नवरदेव. प्रतीक मुळात इतका गरीब पोरगा, की कँटीनमध्ये पोहे घ्यावेत का उपमा, हेसुद्धा रांगेतल्या मागच्याला विचारायचा. साखरपुड्यात फोटो चांगले यावेत म्हणून त्यानं व्यायामाचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. डंबेल्सवाला दादा अधूनमधून देशाबद्दल बोलायचा. मग देशाबद्दल बोलणारा दादा अधूनमधून डंबेल्सबद्दल बोलायला लागला. मग डंबेल्स गेलेच! पोराचे दंड होते तेवढेच राहिले, मतं मात्र टम्म फुगली.

काहीही विचारा, उत्तर एकच. "मी रिसर्च केलाय."

"कधी केलास रे?"

"आत्ता, मोशी ते कुरुळी."

*

ह्या रिसर्चचा प्रसाद एकदा अण्णांनाही मिळाला. जावयाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं, मध्यस्थ म्हणून मीही पाटावर. अण्णा जुने मोशीकर, आयुष्य शेतीत गेलेलं. जेवता जेवता सहज म्हणाले, "ह्या समोरच्या बिल्डिंगी दिसत्यात न्हवं जावईबापू, तितं आमचा ऊस व्हता. जमिनीच्या मोजणीला लोकं आली, तवा आमी मोर्चा काढला व्हता."

झालं! प्रतीकनं पुरणपोळीचा घास ताटात ठेवला. "तो मोर्चा ना? त्याचा व्हिडिओ बघितलाय मी. सगळी भाड्यानं आणलेली माणसं होती. पाचशे-पाचशे रुपये देऊन."

शीतलच्या हातातली पळी तशीच राहिली. मी डोळे वटारले, पण ज्याच्या डोळ्यांना फक्त स्क्रीन दिसते त्याला माझे डोळे काय दिसणार!

अण्णांनी शांतपणे तुपाची वाटी त्याच्याकडं सरकवली. "व्हय का? आरं मंग माझं पाचशे कुनी खाल्लं? इतकी वर्सं झाली, मला कुनी सांगितलंच न्हाई!"

हसून हसून मला ठसका लागला. वाटलं, आता तरी पोरगं शहाणं होईल. तर मी सोडायला गेले तेव्हा बसस्टॉपवर मला समजावतोय, "मावशी, अण्णांची चूक नाही. ते स्वतः मोर्चात होते ना, त्यामुळे त्यांना पूर्ण चित्र दिसलं नसणार."

*

तुम्ही म्हणाल, मुलगी तरी शहाणी असेल. आहे की! लाइनवर शेकडो वायरी हाताखालून जातात, एक रंग चुकत नाही तिचा. पण फोन हातात आला की तिचंही तेच.

तिनं सुरुवात केली मेंदीच्या डिझाइनपासून. मेंदीवरून साड्या, साड्यांवरून एक छान हातमागाची साडी नेसलेली बाई. ती बाई सरकारला अशी काही झोडपायची, की शीतल आठवड्यात पक्की विरोधक झाली. महागाई, बेकारी, संविधान, सगळं त्या बाईच्या शब्दांत, त्या बाईसारखीच मान हलवून! पुढच्या महिन्यात बघते तर अंगावर साडीही तीच.

मी विचारलं, "काय गं, विचार पटले का साडी आवडली?"

"मावशी, दोन्हीची लिंक एकच होती."

*

तर असे हे दोघं रोज बसमध्ये शेजारी शेजारी. ठिणगी पडायला कितीसा वेळ!

एका पुढाऱ्याचं भाषण होतं. प्रतीकच्या फोनवर तो पुढारी ओरडत होता, "कंत्राटी पोरांना कायम केलंच पाहिजे!" शीतलच्या फोनवर तोच पुढारी, तेच जाकीट, तोच माईक, आणि ओरडत होता, "कंत्राटी पोरांना कायम करू नका, ती आळशी होतील!"

प्रतीक म्हणाला, "देवमाणूस आहे." शीतल म्हणाली, "तुझ्या पोटावर पाय देतोय आणि तू त्याला देव म्हण!" तो म्हणाला, "तुझं ब्रेनवॉश झालंय." ती म्हणाली, "त्याला ब्रेन लागतो, म्हणून तू वाचलास." अख्ख्या बसनं माना वर केल्या. त्या दिवशी चाकणच्या चौकापर्यंत कुणी रील बघितली नाही, इतकी करमणूक फुकट चालली होती.

शेवटी मी सागरला म्हटलं, "पूर्ण भाषण शोध रे मेल्या." त्यानं शोधलं. त्यात पुढारी म्हणत होता, "आमचे विरोधक म्हणतात, कंत्राटी पोरांना कायम करू नका, ती आळशी होतील. मी म्हणतो, कायम केलंच पाहिजे!" म्हणजे एकाच बोलण्याचं शेपूट ह्याच्याकडं आणि मधला तुकडा तिच्याकडं!

मी म्हटलं, "ऐकलंत? मिटलं आता?"

दोघंही एका सुरात म्हणाले, "मावशी, हे एडिट केलंय!"

महिन्याभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. आणि त्या पुढाऱ्यानं तरी कुणाला कायम केलं? प्रतीक अजून कंत्राटावरच आहे!

*

एक सांगायचं राहिलं. आमच्या कंपनीत आत फोन चालत नाही. गेटवर जाधवमामा म्हणून सिक्युरिटीवाले आहेत, त्यांच्याकडं फोन जमा करायचा आणि सुटताना घ्यायचा. साहेब सोडून सगळ्यांना हाच नियम, मलासुद्धा.

आणि फोन जमा झाला की ही दोघं बघावीत! जेवणाच्या सुट्टीत एकाच डब्यात जेवणार. हॉलला पडदे कुठल्या रंगाचे, मिक्सर घ्यायचा का आधी कपाट, लातूरहून आईला आपल्याकडं कधी आणायचं... ऐकून माझे डोळे भरून यायचे. किती गोड लेकरं! मग सायरन वाजायचा, गेटवर फोन हातात पडायचे आणि बसच्या पायरीपर्यंत एकमेकांची तोंडं बघेनाशी व्हायची.

मी जाधवमामांना हात जोडले. "मामा, एक दिवस यांचे फोन सापडत नाहीत म्हणून सांगा की हो."

"नको गं बाई! मागं एका पोराचा फोन जरा उशिरा सापडला, तर मला विचारतोय, 'काका, तुम्ही कुठल्या पक्षाचे?'"

*

आता शेवटचं ऐका. ह्यावर मला काही विचारू नका.

एका संध्याकाळी बसमध्ये फारच भडका उडाला. प्रतीक सगळ्यांदेखत शीतलला म्हणाला, "तुझ्यासारख्यांमुळे देश मागं राहिलाय." पोरीनं साखरपुड्याची अंगठी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "मावशी, हे लग्न मला करायचं नाही. त्याला देऊन टाका." प्रतीकनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं, पण त्याच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसलं की! आणि मग असा संताप आला!

"गप बसा दोघं!" मी ओरडले तशी ड्रायव्हरनंही गाडी हळू केली. "तुमच्यात भांडण आहेच कुठं? भांडतायत ते फोन! आठवडाभर बसमध्ये तिचा फोन तू बघायचास आणि ह्याचा तू. जाताना पण, येताना पण. ती काय बघते, हा काय बघतो, ते एकदा कळू दे एकमेकांना. नाहीतर मी ह्या लग्नातून अंग काढून घेतलं!"

पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांचे फोन मेलेला उंदीर धरावा तसे धरले. मग कपाळावरच्या आठ्या कमी झाल्या. मग "अरे, हे बरोबर बोलतायत की" असं प्रतीक स्वतःशीच पुटपुटला. मग शीतल आपणहून त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघं बघतायत, मान डोलावतायत! शुक्रवारी कँटीनमध्ये शीतल लाजत लाजत म्हणाली, "मावशी, अंगठी द्या ना."

मी दिली. त्या रात्री अण्णांना सांगितलं, "काळजी मिटली. उद्या पत्रिकेचं बघू." अण्णांनी देवापुढं साखर ठेवली.

शनिवारी सुटल्यावर मी बसमध्ये पेढेच घेऊन चढले. सगळ्यांसमोर विचारलं, "काय मग? पटलं का एकमेकांचं म्हणणं?"

"पटलं!" दोघं एकदम म्हणाले.

मी बॉक्सची दोरी सोडली. तेवढ्यात प्रतीक उठून उभा राहिला. "मावशी, माझे डोळे उघडले. तो पुढारी आम्हा कंत्राटी पोरांना आळशी म्हणतो! पोटावर पाय देतोय आमच्या!"

"काहीतरीच काय!" शीतल ताडकन उठली. "देवमाणूस आहे तो! 'कायम करा' म्हणणारा तेवढा एकच आहे. तुझं ब्रेनवॉश झालंय!"

"माझं? महागाई बघ, बेकारी बघ! संविधान वाचलंयस कधी?" आणि मान हलवली ती थेट त्या साडीवाल्या बाईसारखी.

"तुझ्यासारख्यांमुळे देश मागं राहिलाय!" शीतल म्हणाली.

मी म्हटलं, "अरे बाबांनो, हे तर तिचं म्हणणं होतं! आणि ते ह्याचं!"

"छे!" दोघंही माझ्यावरच उखडले. "मी रिसर्च केलाय!"

सागरनं एक पेढा उचलला आणि चुपचाप खाल्ला. अंगठी पुन्हा माझ्या तळहातावर आली, अजून गरम होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णा होते. आवाज आनंदानं नुसता फुललेला. "सुनंदाबाई, छापखान्यातच हुबा हाय. पत्रिका टाकू न्हवं छापायला?"

मागं दोघांचा आरडाओरडा चालूच होता. मी फोनवर हात धरला, एकदा दोघांकडं बघितलं, एकदा मागं पडत चाललेल्या जाधवमामांच्या गेटकडं.

"टाका अण्णा. फक्त कार्यालयाचं नाव आत्ता मोकळं सोडा."

"आँ? का वो?"

"सोमवारी एचआरला विचारून सांगते, कँटीन मिळतंय का!"