प्रश्न पूर्ण होण्याआधी

शशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होतो. फोन मीनाने, माझ्या बायकोने, घेतला. ती बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. दोन महिने शशीचं गुडगावच्या हॉस्पिटलात आत-बाहेर चाललं होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जायचा नाही. मनात आलं, मी गेल्यावर मीना एवढी रडेल का?

तेवीस-चोवीस वर्षांची आमची मैत्री, आणि तिच्यात माझा मत्सर पहिल्या दिवसापासून मुक्कामाला होता. स्मशानातही तो माझ्या शेजारी उभा होता. बाहेर गाड्यांची रांग लागलेली, करनाल-मेरठहून आलेले दुकानदार लहान मुलांसारखे हुंदके देत होते, शशीच्या सोसायटीचा लिफ्टमन रजा टाकून आला होता. मी एका केंद्रीय खात्यात बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर बसतो. माझ्या खोलीबाहेर लाल दिवा आहे. तरी तिथे उभा राहून मी मनातल्या मनात माझ्यासाठी येणारी माणसं मोजत होतो आणि ती एका हाताच्या बोटांवर संपत होती.

मी उदगीरचा, शशी परळीचा. दोघंही स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आलो आणि मुनिरक्यात गच्चीवरच्या एका खोलीत एकत्र पडलो. खाली घरमालकिणीच्या म्हशी, वर आम्ही. मी त्याच्या आधी वर्षभर तिथे राहत होतो, भाडं वेळेवर देत होतो, जिना झाडत होतो. पण शशी आला आणि आठ दिवसांत मालकीण त्याला ‘बेटा’ म्हणायला लागली. ताकाचा तांब्या त्याच्या हातात यायचा. माझा उल्लेख ‘दूसरा वाला’ असा व्हायचा, तो मी खोली सोडेपर्यंत तसाच राहिला. शशी एकदा वाचायचा आणि त्याच्या लक्षात राहायचं. मी तेच पान चार वेळा वाचायचो आणि पाचव्यांदा वाचताना तो शेजारी घोरत असायचा. रागावता येईल असं त्याने कधी काही केलं नाही, हीच माझी मोठी अडचण होती.

आमच्या शेवटच्या प्रयत्नाला आम्ही दोघंही मुलाखतीपर्यंत पोचलो. मग रोज संध्याकाळचा चहा झाला की खोलीत मुलाखतीचा सराव सुरू व्हायचा. मुनिरक्यात तेव्हा घरोघरी हेच चालायचं. एकाने ट्रंकेमागे अध्यक्ष म्हणून बसायचं, दुसऱ्याने दारावर टकटक करून, परवानगी मागून आत यायचं. शशी अध्यक्ष असला की मला सोलून काढायचा. “तू बोलताना गुडघे चोळतोस. वाक्य संपवताना जमिनीकडे बघतोस. आणि येत नसेल तर येत नाही म्हण की यार, तोंड कशाला पाडतोस?” गुडघे चोळायची सवय जावी म्हणून त्याने आठवडाभर माझ्या दोन्ही हातांत एक रुमाल धरायला लावला होता. ती सवय गेली. जमिनीकडे बघणंही पुष्कळ कमी झालं.

आता माझी बाजू सांगतो. मी अध्यक्ष झालो त्या तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळीच शशीचा दोष माझ्या लक्षात आला होता. तो प्रश्न पूर्ण होऊ द्यायचा नाही. मी ‘हमीभाव’ एवढा शब्द उच्चारला की याचं उत्तर सुरू. मला फायदे विचारायचे आहेत, तोटे विचारायचे आहेत की इतिहास, हे कळायची त्याला गरजच वाटायची नाही. उत्तर सुंदर असायचं, फक्त कित्येकदा ते दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. खऱ्या अध्यक्षाला हे खपणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य रोज संध्याकाळी माझ्या जिभेवर यायचं आणि रोज मी म्हणायचो, “एकदम बेस्ट. काही बदलू नकोस.”

का? ताकाच्या तांब्यासाठी म्हणा, माझ्या पाचव्या वाचनासाठी म्हणा. याच्याकडे सगळं आहे, एवढी एक चूक तरी याच्याकडे राहू दे, असं मला वाटलं. त्याने मला शिकवताना काहीही हातचं राखलं नाही आणि मी नेमकं तेच राखलं...

यादी लागली. तळाकडच्या पानावर माझं नाव होतं, त्याचं कुठेच नव्हतं. त्या दिवशी त्याने मला खांद्यावर उचललं, खरंच उचललं, आणि मालकिणीला जाऊन सांगितलं की तुमचा दूसरा वाला साहेब झाला. मग गच्चीच्या टोकाला जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मी खोलीत बसून होतो. त्याच्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती आणि मी जिंकायला हवं होतं. पण देशात वारं फिरलं. नव्या कंपन्या आल्या, गुडगावच्या शेतांमध्ये इमारती उगवायला लागल्या, आणि त्या इमारतींतल्या प्रत्येक घराला वॉशिंग मशीन हवं झालं. शशी ते विकायला लागला. ज्या सवयीने त्याला मुलाखतीत पाडलं असणार, तिनेच त्याला बाजारात वर चढवलं. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याची शंका ओळखून हा उत्तर देऊन मोकळा. पाच-सहा वर्षांत तो अख्ख्या उत्तर भारताचा सेल्स मॅनेजर झाला. सातव्या मजल्यावर फ्लॅट, दारात गाडी, बायको वृंदा अशी की तिच्या हसण्याने घर भरून जावं. मी तेव्हा सरकारी क्वार्टरच्या यादीत चढत होतो आणि त्याच्या घरून परतताना बसमध्ये मीनाशी विनाकारण भांडत होतो.

पोटात सगळ्यात जास्त दुखलं ते कोचीनला. आम्हा सरकारी नोकरांना चार वर्षांतून एकदा देशात कुठेही फिरायला प्रवासखर्च मिळतो, ती एलटीसी. शशीला माझी एलटीसी माझ्यापेक्षा पक्की पाठ होती. त्याच्या कंपनीने सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्या दुकानदारांना कोचीनला न्यायचं ठरवलं, तेव्हा त्याचा फोन आला, त्याच आठवड्यात तुम्हीही या, संध्याकाळी बोटीवर जेवण आहे. नाही म्हणायला मी कारण शोधत होतो, पण मीनाने तोवर बॅगा काढल्या होत्या.

दोन मजल्यांची बोट होती, दिव्यांच्या माळा लावलेली. सूर्य मावळतीला आला होता. किनाऱ्यावरची मासे धरायची ती प्रचंड चिनी जाळी पाण्यातून हळूहळू वर येत होती, त्यांच्यामागे आकाश तांबडं झालेलं. हवा इतकी दमट की शर्ट पाठीला चिकटावा, पण बोट सुटली आणि वारं लागलं. शेजारून बंदरात शिरणारं एक मालवाहू जहाज गेलं, एखाद्या कॉलनीएवढं. मीना कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “किती छान आहे हो सगळं...” इतकं छान मी तिला कधी काही दाखवलं नव्हतं. जे दाखवलं ते शशीने.

खालच्या मजल्यावर जेवण मांडलं होतं. केळीच्या पानात भाजलेला मासा, नारळाच्या रसातल्या भाज्या, लालसर जाड भात. आमचे हरियाणा-यूपीचे दुकानदार त्या माशाकडे भीतीने बघत होते आणि रोटी कुठे आहे म्हणून कुजबुजत होते. त्यांच्यासाठी शशीने दुपारीच भटारखान्यात जाऊन तंदुरी रोट्या आणि काळ्या डाळीची सोय करून ठेवली होती. कुणी मागायच्या आत त्या टेबलावर आल्या. मग त्याच्या हातात माइक आला. पानिपतचे एक लालाजी उठून विचारायला लागले, “साहबजी, जो नया मॉडल है, उसका...” आणि शशी, “ड्रेन पाइप लंबा कर दिया है लालाजी, अगले महीने से.” लालाजी थक्क, बोट हसतेय, वृंदा हसतेय, माझी बायको टाळ्या वाजवतेय. माझ्याजवळून जाताना शशी कानात म्हणाला, मराठी माणसाला पानिपतात यश नाही म्हणतात ना, माझी सगळ्यात जास्त मशीनं तिथेच जातात. मी हसलो. हसताना दाढा दुखल्या.

बोट परतीला लागली तेव्हा तो वरच्या मजल्यावर माझ्याजवळ येऊन उभा राहिला, टाय सैल केलेला, घामाने डबडबलेला. थकला होता. त्याचा तो दमलेला चेहरा बघून मला एकदम मुनिरक्याची गच्ची आठवली, त्याची पाठ आठवली, आणि वाटलं, आत्ता सांगून टाकावं. आता त्याचं काय बिघडणार आहे? मी म्हणालो, “शशी, तुला एक सांगायचं राहिलंय. खोलीवर आपण मुलाखतीचा सराव करायचो ना, तेव्हा मी तुला...”

“अरे, ते मी विसरेन होय!” तो म्हणाला. “तू रोज बेस्ट बेस्ट म्हणायचास, म्हणून मी त्या दारातून आत तरी गेलो. नाहीतर पाय लटपटत होते यार. माझं इंग्लिश कच्चं पडलं, बाकी काही नाही. म्हणून तर घरात मराठी बंद केलीय. सईचं तसं व्हायला नको.”

सई म्हणजे त्याची मुलगी. तेव्हा सहा-सात वर्षांची होती आणि तिच्याशी घरात सगळे इंग्रजीत नाहीतर हिंदीत बोलतात, याला मी श्रीमंतीची मिजास समजून नाक मुरडत आलो होतो. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. कितीतरी वर्षं हा माणूस नसलेला दोष उराशी धरून होता, त्यापायी त्याने घरातली भाषा काढून टाकली होती, आणि असलेला दोष मला ठाऊक होता. मी पुन्हा तोंड उघडू शकलो असतो. “थांब, माझं पूर्ण होऊ दे” एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि धक्का येईपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो. इतक्या सहज आभार मानता येतात याचाही मला हेवा वाटला.

त्यानंतर बारा वर्षं मिळाली. दिवाळ्या झाल्या, वाढदिवस झाले, शेवटी हॉस्पिटलची खोली झाली. तिथेही मी एकदा सुरुवात केली. त्याने ओठांना लावलेली नळी बाजूला सारून मीनाच्या गुडघ्याची चौकशी केली. मी परत गप्प बसलो. मध्ये बोलायची सवय त्याची होती, पण तिच्या आडोशाला मी किती वर्षं बसलो होतो, ते तिथून बाहेर पडताना लिफ्टमध्ये मला कळलं.

गेल्या रविवारी आम्ही गुडगावला गेलो. वृंदा आता थोडी सावरली आहे. ती आणि मीना स्वयंपाकघरात होत्या. सई माझ्यासमोर येऊन बसली. अठरा वर्षांची झाली आहे, पुढच्या आठवड्यात तिची कॉलेजच्या प्रवेशाची मुलाखत आहे. म्हणाली, “काका, प्लीज, मेरा मॉक इंटरव्ह्यू घ्या ना. पापा म्हणायचे, मुकुंदकाकांसारखा कोणी घेत नाही. वो कभी डिसकरेज नहीं करते.”

मराठी ती अशी तुटक बोलते, पण माझ्यासाठी बोलते. मी बरं म्हणालो. ती बाहेर गेली, दारावर टकटक केली, परवानगी मागून आत आली, खुर्चीच्या टोकाला ताठ बसली. हे सगळं तिला कुणी शिकवलं, ते वेगळं सांगायला नको. मी पहिला प्रश्न सुरू केला, आणि अर्ध्यावर असतानाच तिचं उत्तर सुरू झालं. दुसऱ्याला तेच, तिसऱ्यालाही तेच. उत्तरं सुंदर होती. मान तशीच किंचित पुढे, डोळे तसेच चमकणारे. अशी मुलगी मला नाही, हाही एक विचार त्या पाच मिनिटांत येऊन गेला.

“कसं झालं, काका?”

एकदम बेस्ट, हे शब्द तोंडाशी आलेच होते. इतक्या वर्षांनी ते जिभेवर आयते सापडतात. मी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. मग म्हणालो, “सई, प्रश्न पूर्ण होऊ देत जा. समोरच्याला काय विचारायचंय, ते आधी ऐक. बाकी तुझं सगळं चांगलं आहे, पण एवढ्या एका गोष्टीने घात होईल.”

तिला राग येईल असं वाटलं होतं. पण ती विचारात पडली. मग म्हणाली, “पापा भी ऐसे ही करते थे ना?”

“हो.”

“तुम्ही त्यांना सांगितलं होतं?”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. “सई,” मी म्हणालो, “तुझ्या बाबांना मी...” आणि नेहमीसारखा थांबलो, कारण माझ्या वाक्यात इथे कुणीतरी बोलतं अशी मला सवय आहे. सई बोलली नाही. हात मांडीवर ठेवून, माझ्याकडे बघत, ती माझं वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहत बसली.