खिडकीवरची चिकटपट्टी

ज्या चिपला खिडकी असते तिच्यावर चिकटपट्टी लावलेली असते आणि ती काढून ठेवायची नसते. जुन्नरच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याला हे तीस वर्षांपासून ठाऊक होते. म्हणून माझ्या हातून जे झाले त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

माझ्या शेजारच्या गाळ्यात घड्याळे दुरुस्त करणारे चाचा बसतात. मोहल्ल्यातल्या मशिदीत नमाजाच्या वेळा दाखवणारे विजेवरचे घड्याळ त्यांनी उमेदीच्या वयात स्वतः तयार केले होते. वर्षभराच्या वेळा त्यांनी एका चिपमध्ये भरल्या होत्या. अशा चिपमधले एरवी फक्त वाचता येते. वीज गेली तरी ते पुसले जात नाही, चुकून कुणी भलते बटण दाबले तरी बदलत नाही. काही चिपा कारखान्यातूनच भरून येतात आणि जन्मभर तशाच राहतात. काही एकदाच भरता येतात, चूक झाली की फेकायच्या. चाचांनी खिडकीवाली निवडली होती. तिच्या पाठीवरच्या पारदर्शक चौकोनातून अतिनील किरण सोडले की ती कोरी होते आणि पुन्हा भरता येते. ते किरण उन्हातही असतात, म्हणून ती चिकटपट्टी.

"लाईट गेली तरी आपलं घड्याळ इसरत न्हाई, भाऊ," चाचा मला अभिमानाने सांगत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आकडे अंधूक दिसू लागले म्हणून ते घड्याळ माझ्याकडे आले. मी चिप काढली, क्रमांक वाचण्यासाठी तेलकट पट्टी सोलली, तिचे धातूचे पाय साफ केले आणि ती वाळायला दुकानाबाहेरच्या फळीवर ठेवली. तेवढ्यात लग्नासाठी मढ गावी जाण्याची गाडी आली. आठ दिवसांनी परतलो तेव्हा चिप तिथेच उन्हात होती. मी तिच्यावर नवी पट्टी लावली, ती घड्याळात बसवली आणि घड्याळ पोहोचते केले.

मशिदीतले घड्याळ भलतेच आकडे दाखवू लागले आणि दुसऱ्या दिवशी बाजारात थट्टा सुरू झाली. "काय चाचा, आज पंच्याऐंशी वाजता नमाज का?"

चाचा माझ्याकडे आले. मी म्हणालो, "चिप जुनी झाली, चाचा. वयानं जातात." तशा त्या जातातही, म्हणूनच ते खोटे इतके सहज खपले.

"मीच कच्ची भरली असंल," ते म्हणाले. "हात तवापास्नंच कापत असंल माझा."

पुढच्या आठवड्यात त्यांनी डोळ्याला लावायचे भिंग खणात ठेवून दिले. कुणी घड्याळ आणले की म्हणत, "दुसरीकडं दाव, बाबा. माझं काम पक्कं राहिलं न्हाई." हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो.

वर्षभराने अखेर मी त्या घड्याळात बसेल अशी नव्या जातीची चिप आणली, छापील वेळापत्रकावरून भरली आणि त्यांना दाखवायला नेली. त्यांनी तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"खिडकी कुठंय हिला?"

"न्हाई, चाचा. ही विजेनंच पुसती अन् विजेनंच भरती. उन्हानं काही व्हत न्हाई."

त्यांनी मान वर केली. "मग आपल्या जुनीला ऊन लागलं व्हतं का?"

इतका सरळ प्रश्न मला वर्षभर कुणी विचारला नव्हता.

"व्हय, चाचा. पट्टी काढून फळीवर ठेवली अन् तशीच सोडून मढला गेलो. परत आल्यावर नवी पट्टी लावली."

त्यांनी चिप माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "ऊन लागलं ते समजू शकतो. पण नवी पट्टीबी लावलीस?"

त्यांनी खण उघडला, भिंग काढून सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि डोळ्याला लावून पाहिले. "म्हंजे मी पक्की भरली व्हती," ते स्वतःशीच म्हणाले.

चाचा आता पुन्हा घड्याळे उघडून बसतात. माझ्याशी बोलतातही, पण भाऊ म्हणत नाहीत. साहेब म्हणतात.